फवारणीवाल्यांची सेफ्टी

१४ जून १९७६, सोमवार
आजपासून आमच्या हिवताप खात्याच्या फवारणी कामगारांच्या सेफ्टीचा चार्ज माझ्याकडे. डॉक्टरसाहेबांनी सर्वांसमोर सांगितलं. माणूस बरोबर हेरला. यंदा डासांवर नवं, जालीम औषध आलंय. सोबत रबरी हातमोजे, गमबूट, तोंडाला बांधायचे मास्क. कोरे करकरीत! संकल्प: रोज सकाळी कामगारांना सेफ्टीवर लेक्चर.

१५ जून
लेक्चर राहिलं. मी पोचेपर्यंत ट्रक गेला होता. हातमोजे वाटले नाहीत. पुढच्या आठवड्यात जिल्ह्याचे साहेब इन्स्पेक्शनला येणार, तोवर ही मंडळी मळवून ठेवतील. कपाटाला कुलूप, किल्ली खिशात.

२१ जून
नरसी गावात फवारणी. जळबा बादलीतलं औषध हातानंच ढवळत होता. इतका जुना कामगार, आणि हे! रागावलो. म्हणाला, काठी मोडली साहेब, मोजे तरी द्या, हात चुणचुण करून राहिले. त्याला सरकारी मालाची शिस्त समजावली. ऐकून पुन्हा हातानंच ढवळू लागला. पटलं असावं.

२४ जून
इन्स्पेक्शन. सगळ्यांना मोजे-बूट घालून रांगेत उभं केलं. साहेब 'व्हेरी गुड' म्हणाले. ते गेल्यावर सगळं पुसून परत कपाटात. जळबाच्या जोडीचा कामगार वसराम म्हणाला, पुन्हा कोणी येणार असलं की सांगा, घालू. त्याचा स्वभावच थट्टेखोर. वाटपाचं सोमवारी बघू.

२८ जून, सोमवार
सकाळी गडबडीत वाटप राहिलं. औंढ्याकडच्या एका वस्तीवर जळबा पंप पाठीवर असतानाच कोसळला. तोंडातून लाळ, घामानं निथळलेला, अंग थडथड उडतंय. वसराम ओरडला, औषध चढलं! मी म्हणालो, ऊन लागलं. सावलीत निजवून कांदा हुंगवला. जीप मागवायची तर साहेबांना कारण सांगावं लागलं असतं. जरा वाट बघू म्हटलं. शेवटी वसरामनंच कोणाची तरी बैलगाडी जुंपवली.

जळबा वाटेतच गेला.

२९ जून
डॉक्टरसाहेबांनी विचारलं, हातमोजे होते का? होते, म्हणालो. खोटं नाही ते. कपाट उघडून मोजे वाटायला गेलो. कोणी हात पुढे केला नाही. वसराम माझ्याकडे बघतही नव्हता.

३ जुलै
जळबाची बायको जनकाबाई ऑफिसात आली. भांडेल, रडेल, नोकरी मागेल असं वाटलं. उत्तरं तयार ठेवली होती. तिच्या काखेत गाठोडं. म्हणाली, "साहेब, धन्याचे कामावरचे कपडे हायत. दीर घालतो म्हणून राहिला. धुतले तर चालतील का?"

जाळून टाका, म्हणालो.

"म्हंजी कपड्यातबी हाय ते?"

मी समोरची फाईल चाळू लागलो.

"मी तर रोज ह्याच हातानं धुतले." तिनं हात पुढे केले. बोटं थरथरत होती. "मला काय होईल का हो?"

मला ठाऊक नव्हतं. तसंच सांगितलं. तिनं काखेतलं गाठोडं काढलं आणि अंगापासून लांब धरून निघाली.