पिशवी तुझी होती

आई, आज शिरूरच्या दवाखान्यातून निघाले ती अशी हवेत, की दौंडची एसटी समोर लागलेली असताना मी टपरीवर चहा पीत उभी राहिले आणि गाडी निघून गेली. गेली तर गेली. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी असलं काही घडलं की पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटतं.

तो दिवस मला अजून दिसतो. तू बाहेर बाकावर बसलीयेस, मी तुला चिकटून. दादा आणि त्यांचे थोरले भाऊ आप्पा आत डॉक्टरांपुढे. आपल्या निमोण्यात तसंच होतं, दुखणं बाईचं आणि केबिनमध्ये कारभारी. आप्पा बाहेर येऊन सांगतात, "ठरलं. गर्भपिशवी काढायची." तू हळूच म्हणतेस, "गोळ्यांनी न्हाई का भागायचं?" आप्पा मनानं वाईट नव्हते गं. पण म्हणाले, "डाक्टर काय खुळा हाय व्हय?" आणि तू मान हलवलीस. अंडाशयंही काढली, म्हणून पुढं ऐन तरुणपणात तुझ्या अंगातून वाफा निघायच्या, कांदा काढताना कंबर धरून मध्येच बसायचीस. एकदाच, भाकरी थापता थापता म्हणालीस, "कुणी इचारलं असतं तर बरं वाटलं असतं."

त्या एका वाक्यावर माझी नोकरी उभी आहे, बघ. उपचार डॉक्टरांनी आणि पेशंटनं मिळून ठरवावा म्हणून मी चित्रांची कार्डं बनवते. पहिली कार्डं फार देखणी झाली होती. गोळ्या, गर्भपिशवीत बसवायची औषधाची तांबी, ऑपरेशन, प्रत्येकाचे फायदे-तोटे. झालं काय, तर नवऱ्यांनी ती उचलली, मोठ्यानं वाचली आणि ठरवून मोकळे. कारभाऱ्यांच्या हातात मीच नवं हत्यार दिलं होतं. असा संताप आला स्वतःचा! मग पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर बायांना घेऊन बसले आणि आम्ही सगळ्यात आधी दाखवायचं एक नवीन कार्ड केलं. त्यात उपचारच नाही. शेतातलं काम, पाण्याचा हंडा, एसटी, झोप, एवढीच चित्रं. विचारायचं एकच, पाळीच्या दिवसांत यातलं काय अडतं? याचं उत्तर घरात दुसऱ्या कुणाकडे नसतं.

आज राहू गावची एक बाई आली होती, सोबत नवरा आणि सासू. कार्ड अर्थातच नवऱ्यानं घेतलं, उलटंपालटं केलं. "ह्यात वाचायला काय न्हाई ओ."

"वाचायचं नाही, सांगायचंय," डॉक्टर म्हणाल्या. "त्या दिवसांत यांचं काय अडतं?"

त्यानं पंख्याकडे पाहिलं, मग आईकडे. सासू म्हणाली, "मला काय इचारतो? तिला इचार."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. बाईनं कार्ड हातात घेतलं आणि एसटीवर बोट ठेवलं. "जागा असली तरी मी बसत न्हाई. डाग पडंल म्हून राहूपास्नं उभी येते."

"मला कवा बोलली न्हाईस," नवरा म्हणाला.

"तुमी कवा इचारलं?"

मग ती बोलतच सुटली. उपचारांची तीन कार्डं समोर मांडून घेतली. पिशवी ठेवली तर कॅन्सर होतो का, हे विचारलं. तुमच्या तपासण्यांत तसं काही नाही, त्या भीतीनं काढू नका, हे नीट ऐकून घेतलं. मी कोपऱ्यात मनातल्या मनात म्हणत होते, बये, नको म्हण.

ती म्हणाली, "गोळ्या लई खाल्ल्या. तांबी मला नको. पिशवी काढा. पण अंडाशय ऱ्हाऊ द्या, आन् तारीख मी सांगंन. कांदा निघाल्यावर."

क्षणभर मी हिरमुसले. मग तिच्याकडे पाहिलं. ताठ बसली होती आणि तिघंही तिचं ऐकत होते. आई, जिंकलो आपण. ऑपरेशन तेच, पण ठरवणारी ती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून सांगून टाकते. मी आजवर सगळ्यांना ठणकावून सांगत आलेय, माझ्या आईला विचारलं असतं तर ती नकोच म्हणाली असती. खरं म्हणजे तू काय म्हणाली असतीस, मला ठाऊक नाही.