लेकराचे पाय

लष्करी दवाखाना, पुणे
१२ फेब्रुवारी १९७२

सौ. राहीस धुळाचा आशीर्वाद.

सुरुंगानं गेलेल्या पायाची जखम भरत आली हाय. जेवण बरं मिळतंय. तुझ्या ओकाऱ्या थांबल्या का?

इथं एक बुवा येतो. गुडघ्यावरनं हात फिरवून म्हणाला, "जीवनशक्तीला पायाचा आकार ठाऊक असतो. ती पाय पुन्हा घडवील." नसलेल्या पायाला खाज सुटती, म्हणून मला बी खरं वाटलं.

डॉक्टरीणबाईंना इचारलं. त्या म्हणाल्या, "पालीची शेपूट परत येते. माणसाचा पाय एकदाच घडतो, आईच्या पोटात."

मग तुला दिवस गेल्याचं सांगून भीत भीत इचारलं, "बापाचा असा गेला, तर लेकराचा?"

"त्याचे दोन्ही घडलेसुद्धा असतील आतापर्यंत."

राही, त्या रात्री मला लय दिवसांनी झोप लागली.

आबास्नी सांग, मेंढरांमागं हिंडणं आता जमायचं न्हाई. लेकराला चालायला मातूर मीच शिकवीन.

तुझा,
धुळा