तांबड्या केसांचा वास

आबा, गेल्या आठवड्यात आमच्या लॅबमध्ये उंब्रजकडची एक सासू आली होती. बरोबर सून आणि सुनेच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचं पोर. डॉक्टरांनी अशक्तपणासाठी पोराचं रक्त तपासायला पाठवलं होतं. मी सुई तयार करतेय तोवर सासूनं पोराचं टोपडं मागं सारलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, ह्यातनं बापाचं कळतं का वो?" पोराचे केस तांबडे होते, मक्याच्या कणसाची शेंडी वाळायला लागते तसे. मी म्हणाले, "ह्यातून रक्त कमी आहे का एवढंच कळतं. पोटाला नीट मिळालं नाही तरी लेकरांचे केस असे होतात." तिला ते पटलं नाही. "वास पन येगळाच येतो बगा. आमच्या घरात असा कुनाचा न्हाई." तेव्हा कुठं सुनेनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. मी केस काळे करते, आबा, वीस वर्षं झाली. पण भुवया जशाच्या तशा, तांबड्याच आहेत. त्या पोरीनं त्या ओळखल्या असाव्यात. त्या दिवसापासून तुमच्याशी बोलायचं मनात घोळतंय.

मी जन्मले तेव्हा तुम्ही सरहद्दीवर होता. तुम्ही मला पहिल्यांदा बघितलंत ते अकराव्या महिन्यात, असं आई सांगायची, आणि पुढं काय झालं ते सांगायची नाही. मला आठवते ती नंतरची रजा. मी दुसरीत असेन. दहिवडीहून येणारी एसटी फाट्यावर थांबते, तुम्ही खांद्यावर ट्रंक घेऊन माळावरून चालत येता आणि ओसरीवर पाणी पिऊन झाल्यावर मला जवळ ओढता. मला वाटतं, आता पापा घेणार. तुम्ही माझ्या टाळूला नाक लावता आणि हुंगता. एकदा, मग मानेपाशी पुन्हा. मग आत, चुलीपाशी बसलेल्या आईकडे बघून म्हणता, "मेंढीला वासावरनं कोकरू कळतंय. मानसाला कळत न्हाई व्हय?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती म्हणाली, "आवं, कोकराला हुंगती ती मेंढी. मेंढा कवा हुंगताना बगितलाय का तुमी?"

तुम्ही चार दिवस तिच्याशी बोलला नाहीत. मला दोघांचं बोलणं कळलं नव्हतं. माझ्या अंगाला काहीतरी वास येतो आणि त्यावरून घरात अबोला होतो, एवढंच कळलं. पण आबा, तुम्ही मेंढरात वाढलेले. कोकरू मेलं की त्याचं कातडं दुसऱ्या पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायचं, म्हणजे मेंढी त्याला आपलं समजून पाजते, हे तुम्हीच मला पुढं कधीतरी सांगितलंत. वासाला इतकं सहज फसवता येतं हे ठाऊक असलेला माणूस वासावर विसंबून बायकोला गुन्हेगार ठरवतो, हे मला आजही पटत नाही. म्हणून मला संशय येतो की तुम्हाला वासबीस काही आलाच नव्हता.

गावात मला तांबडी म्हणत. तांबड्या केसाच्या माणसाच्या अंगाला घाण येते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त कसली येते यावर कुणाचं एकमत नव्हतं. शेजारची काकू म्हणायची बोकडासारखी. वर्गातली एक पोरगी म्हणायची तांब्याच्या भांड्यासारखी. कुणी म्हणायचं, असल्या माणसाला साप लांबून ओळखतो. माण तालुक्यात पाण्याची केवढी मारामार, तरी आई मला रोज एक बादली पाणी द्यायची, त्यात कडुलिंबाचा पाला टाकून. स्वतः मात्र ओल्या फडक्यानं अंग पुसून घ्यायची. शाळेतून आले की मी कोपऱ्यात जाऊन झग्याची काख हुंगायची. कधी वास यायचा, कधी नाही. इतरांच्या झग्यांना येतो का, हे बघायचं मला कधी सुचलं नाही.

एका रजेला तुम्ही कँटीनमधून भावासाठी बॅट आणलीत आणि माझ्यासाठी सहा साबण. हिरव्या कागदातले, उग्र वासाचे. "ही पोरीला," असं आईला म्हणालात. "भाईर जाताना अंगाला लावत जा म्हनावं." मी समोरच उभी होते. त्यातला एकही साबण मी वापरला नाही. कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवून दिले. आई एकदा म्हणाली, "त्येनला प्रेम करायला येत न्हाई गं, म्हनून आसलं कायतरी आनत्यात." मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच तसं समजत होती की माझी समजूत काढत होती, हे मला कळलं नाही.

बारावीनंतर मी सांगलीला आले, विश्रामबागेत खोली घेऊन राहिले, लॅबचं शिक्षण घेतलं. तिथल्या एका सरांना मी विचारलं, "सर, माझ्या एका मैत्रिणीचे केस तांबडे आहेत, तिच्या अंगाला वेगळा वास येईल का?" सरांनी माझ्या ताज्या काळ्या केसांकडे बघितलं आणि मैत्रीण कोण ते विचारलं नाही. म्हणाले, घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. काखेतल्या घामावर आपल्याच कातडीवरचे जंतू जगतात, वास ते करतात, आणि तो माणसामाणसाचा वेगळा असतो. केसांच्या तांबड्या रंगात गंधक असतं खरं, त्यावरून लोक तर्क लढवतात. पण ते केसात कोंडलेलं असतं, अंगाला त्याचा वास येत नाही. मग त्यांनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. केसांचा हा तांबडेपणा बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. एकाच्याच वाट्याचा आला तर डोक्याचे केस काळेच राहतात आणि बहुतेकांना जन्मभर पत्ता लागत नाही.

दोघांकडून. त्या शनिवारी सांगलीहून विट्यामार्गे घरी येईपर्यंत मी हा एकच शब्द घोळवत होते. तुम्ही तेव्हा पेन्शनीत आला होता, दारात बसून दोर वळत होता. मी तोंड उघडायच्या आत तुम्हीच विचारलंत, "काय शिकिवत्यात तितं?"

"रक्त तपासायला."

तुम्ही दोराला पीळ देत म्हणालात, "मग माजं तपास की येकदा."

आबा, तो विनोद होता की खरंच सांगत होता? तुम्ही वर बघितलं नाहीत. मी हसले आणि आत गेले. पुढं कित्येकदा वाटलं, तेवढ्यात आई दोघांचा चहा घेऊन बाहेर आली नसती तर मी परत फिरले असते. पण ते खरं नाही. मला भीती वाटत होती. सरांच्या रेघा फळ्यावर ठीक होत्या. आईवर संशय घेणारे घरात तुम्ही एकटेच नव्हता. कधीमधी, ती आरशासमोर कुंकू लावत असताना, मीही तिच्याकडे तुमच्या नजरेनं बघितलेलं आहे.

मग तुमचं ते शेवटचं आजारपण. सांगलीच्या दवाखान्यात तुम्ही तीन आठवडे होता. आयुष्यात पहिल्यांदाच तुमची दाढी वाढली. रोज पहाटे उठून गुळगुळीत दाढी करणारा माणूस; मिशीसुद्धा ठेवत नव्हता. आपल्याकडे फौजेतून आलेल्या प्रत्येकाला मिशी, तुम्हालाच तेवढी नाही. लोक हसायचे, तुम्ही म्हणायचा, "उनाचा तरास हुतो." एका दुपारी आई जेवायला गेली होती आणि मी वाटीत पाणी घेऊन तुमची दाढी करायला बसले. खिडकीतून ऊन तुमच्या गालावर आलं होतं. पिकलेल्या केसांत, हनुवटीखाली आणि कल्ल्यांपाशी, तांबडे केस होते. दोन-चार नव्हे, चांगला पुंजका. माझ्या भुवयांसारखे.

एकाच्याच वाट्याचा तांबडेपणा कधीकधी नुसत्या दाढीमिशीत उमटतो, हे मी पुढं वाचलं; तरी हा काही दाखला नव्हे, हे मला कळतं. असल्या पुराव्यावर आमच्या लॅबमध्ये कुणी सही करणार नाही. पण तुमचा हात लगेच हनुवटीकडे गेला, आणि तुम्ही म्हणालात, "लवकर काढ." तेव्हापासून मी विचार करतेय. ऐन तारुण्यात, मिसरूड फुटताना, तुम्ही ते कधीतरी बघितलंच असणार. बघितलंत, आणि तरी ओसरीवर मला हुंगलंत? की बघितलंत, पण त्याचा माझ्याशी संबंध असेल हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही? नुसते लोकांच्या हसण्याला भ्यालात?

तुम्ही गेल्यावर वर्षभरानं मी आईला दाढीतल्या तांबड्या केसांचं सांगितलं. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "मला कशाला सांगतीस? मला ठाव नव्हतं व्हय?" आणि फोडतच राहिली. मग थोड्या वेळानं, "त्येनला सांगायचं हुतंस."

ते पोर तपासून झाल्यावर मी त्या सासूला सगळं समजावलं, दोघांकडून येतं ते, जंतूंचं, घामाचं. तिनं ऐकून घेतलं, पटलं की नाही देव जाणे. हे पत्र मी कुठं पाठवणार, आणि पाठवता आलं असतं तरी पाठवलं असतं का, तेही सांगवत नाही. कारण एक गोष्ट मी आईलाही सांगितलेली नाही. त्या दुपारी अर्धी दाढी झाल्यावर, हनुवटीखालचा तांबडा पुंजका अजून तसाच असताना, तुम्ही म्हणालात, "आरसा दे जरा." आरसा माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, "आणला नाही, आबा," आणि उरलेली दाढी करून टाकली.