दोघांची मोजणी

ता. ६ जानेवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्रास कारण की, मी कायद्याच्या पदविकेला नाव घातलं आहे. घरी बसून करायचा अभ्यासक्रम आहे. पुस्तकं पोस्टाने येतात, परीक्षेला तेवढं केंद्रावर जायचं. फोन सोडून पत्र का, असं विचारशील. परीक्षा तीन तासांची आणि सगळी हाताने लिहायची आहे. पंचवीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये मी रकान्यांत खुणा केल्या आणि खाली सही केली, दुसरं काही लिहिलंच नाही. काल पुस्तकातलं एक पान उतरवून पाहिलं, तर अर्ध्यातच अंगठा आखडला. म्हणून तुला पत्रं लिहीन म्हणते. तूही हातानेच उत्तर दे, म्हणजे मला एकटीला बावळट वाटणार नाही.

पुस्तकांचं खोकं परवा आलं. चौदा पुस्तकं आहेत. खालच्या वॉचमनने ती वर आणून दिली आणि मुलाची का, असं विचारलं. मी हो म्हणाले. वकिली सुरू व्हायच्या आधीच खोटं सुरू झालं, असं हे म्हणाले असते. येत्या बावीस मार्चला यांना जाऊन तीन वर्षं होतील.

मला भीती वाटते. थिएटरमध्ये कधी एवढी वाटली नाही. तिथे मोजणी दोघींची असते. पोट शिवण्याआधी एकीने हत्यारं आणि कापसाच्या घड्या मोठ्याने मोजायच्या, दुसरीने त्याच पुन्हा मोजून बरोबर म्हणायचं, मग सही. इथे बरोबर म्हणायला कोणी नाही.

नाव का घातलं ते मला नीट सांगता येत नाही. यांच्या कंपनीच्या कागदावर मी न वाचता सही केली, तेव्हापासून कुठेही सही करताना हात थांबतो. तो कागद मी नंतरही वाचलेला नाही. कपाटात आहे.

मुलांना सांभाळ. तुझ्यावर आहे तो लोभ आहेच.
तुझी ताई


ता. १५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट पाहून आधी छातीत धस्स झालं. आपल्याकडे हाताने लिहिलेलं पत्र आलं की कोणीतरी गेलेलं असतं. उघडून पाहतो तर ताई वकील व्हायला निघालेली.

रागावू नकोस, पण हे विकतचं दुखणं कशाला? दिवसभर उभी असतेस, पाय सुजतात, त्यात चौदा पुस्तकं. सत्तेचाळिसाव्या वर्षी लोक चष्म्याचा नंबर बदलतात, धंदा नाही. बायकोला हे बोललो, तर ती म्हणाली की ताई शिकल्या तर तुमच्या पोटात का दुखतं. तिला काय सांगणार.

पंपहाऊसवर सगळं ठीक. नवा साहेब पाण्याची पातळी खुर्चीत बसून विचारतो, आम्ही अंदाजे सांगतो.

तो कागद कपाटात आहे, तर तिथेच राहू दे. कागद वाचून भावोजी परत येणार नाहीत.

लोभ आहेच, त्यात धाकही मिसळलेला आहे, दोन्ही राहू दे.
तुझा बारक्या


ता. ९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

करारांचं पुस्तक निम्मं झालं. मधलं संमतीचं प्रकरण मी दोनदा उलटून पुढे गेले. पुढे मुदतीचा भाग आला. सही केलेल्या कागदाला हरकत घ्यायची असेल तर तीन वर्षांच्या आत घ्यावी लागते. मी सही केली चोवीस मार्चला. बोटांवर दिवस मोजले. त्रेचाळीस आले.

मग कपाट उघडलं. कागद एकच आहे, दोन्ही बाजूंनी टाइप केलेला. त्यात म्हटलं आहे की लिफ्टचा ब्रेक चांगला होता, दुरुस्ती करताना यांनी सुरक्षेचा पट्टा घातला नव्हता, चूक यांचीच होती आणि घरच्यांची काही तक्रार नाही. घरातला दिवा बदलायला स्टुलावर चढतानाही हे पट्टा घालायचे. तू त्यावरून किती चेष्टा करायचास. 

खाली माझी सही आहे. तिच्याखाली साक्षीदार म्हणून तुझी.

मला आठवतं ते एवढंच. मी कंपनीच्या कचेरीत खिडकीपाशी उभी होते, तू दाराबाहेर त्यांच्या अधिकाऱ्याशी बोललास आणि आत येऊन म्हणालास की ठीक आहे ताई, कर सही. मी ते थिएटरमधल्यासारखं ऐकलं. दुसऱ्याने मोजलेलं आहे, आता सही करायची. बाहेर तो तुला काय म्हणाला? सही कोणत्या परिस्थितीत झाली ते पाहतात, असं पुस्तकात आहे. ती परिस्थिती मला माहीत नाही, तुला आहे.

उत्तराची वाट पाहते.
तुझी ताई


ता. १८ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

गडबडीत लिहितो आहे. दोन नंबरच्या पंपाचं बेअरिंग गेलं. नवं आलं ते अर्ध्या सुताने मोठं निघालं, ते परत पाठवलं, तोवर जुन्यावरच ढकलतो आहोत. आवाज असा येतो की शेजारी बोललेलं ऐकू येत नाही. धाकट्याचा दात पडला. तुझा अभ्यास कसा चालला आहे? तब्येत सांभाळ.

बारक्या


ता. २६ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

बेअरिंगची हकिकत कळली. मी विचारलेलं त्या आवाजात तुला ऐकू गेलं नसावं.

एक सांगते. मागे एकदा मोजणीत एक घडी कमी आली. डॉक्टरांना घाई होती, ते चिडले होते. समोरची मुलगी घाबरून बरोबर म्हणाली. मी तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोजायला लावलं. घडी पेशंटच्या पोटात होती. आमच्याकडे मोजणी चुकली म्हणणारीवर कोणी ओरडत नाही, बारक्या. गप्प बसणारीवर ओरडतात.

दहा तारखेला करारांचा पेपर आहे. भीती आहेच, रोज पहाटे उठून लिहिते. हात आता चार पानांपर्यंत टिकतो.
ताई


ता. ४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न.

हे पत्र तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

तो अधिकारी म्हणाला की सही झाली नाही तर चौकशी लागेल, आणि चौकशी संपेपर्यंत भावोजींना शवागारातून सोडणार नाहीत. महिना लागेल, दोन लागतील. कंपनीच्या शब्दाशिवाय तिथलं दार उघडणार नाही, असंही म्हणाला. तू दोन दिवस पाणीसुद्धा प्यायली नव्हतीस. मला वाटलं, दोन महिने तू जगणार नाहीस.

कागद मी वाचला होता, ताई. सगळा. पट्ट्याची ओळसुद्धा. तरी आत येऊन ठीक आहे म्हणालो. तू शिकू नयेस असं मला का वाटायचं ते आता कळलंच असेल. एक दिवस त्या कागदापाशी पोहोचशील, ही भीती होती.

लोभ ठेव असं लिहायची हिंमत नाही.
बारक्या


ता. १२ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र सात तारखेला मिळालं. राग आला. खोटं कशाला सांगू? दोन दिवस ते चौदा पुस्तकांच्या खाली ठेवलं. नंतर वाटलं, त्या दाराबाहेर मी असते आणि आत तू असतास, तर मीही ठीक आहे म्हणाले असते.

परवा पेपर झाला. माझ्या पुढच्या बाकावर विशीतली पोरं होती. दुसऱ्या तासाला अंगठा आखडला, तो डाव्या हाताने चोळून पुन्हा लिहिलं. संमतीवर प्रश्न होता, बळजबरीने घेतलेल्या सहीचा. पर्याय होता म्हणून मी तो सोडला. त्याचं उत्तर मला दुसरीकडे लिहायचं आहे.

काल इस्पितळातून आलेली यांच्या कपड्यांची पिशवी पहिल्यांदा उघडली. आत पट्टा आहे, मधोमध कात्रीने सरळ कापलेला. तसा आम्ही पेशंटच्या अंगावरचाच पट्टा कापतो. खुंटीवरचा कोणी कापत नाही.

सतरा तारखेला सकाळी अकरा वाजता एका वकीलबाईंकडे जायचं ठरलं आहे. अर्ज चोवीसच्या आत गेला पाहिजे. पट्टा मी दाखवीन. दाराबाहेर काय झालं ते तुलाच सांगावं लागेल, त्या अधिकाऱ्यासमोरही. त्याची भीती तुला वाटेल, मला तर आत्ताच वाटते आहे. पेपर झाला म्हणून ती गेली नाही.

दोन दिवसांची रजा टाक. या वेळी तू मोठ्याने मोज. मी शेजारी बसून ऐकते, आणि बरोबर असेल तरच बरोबर म्हणते.

लोभाचं तू विचारलं नाहीस, तरी लिहिते. तो कमी आलेला नाही. मी दोनदा मोजला.
तुझी ताई