मारुतीच्या तसबिरीमागचा माणूस

नाना, तुमच्या हातची एक तसबीर माझ्याकडे काच बदलण्यासाठी आली, तेथून हे सर्व सुरू झाले. तुम्ही वारल्यावर, जेथे मी तुमच्या हाताखाली फ्रेमचे काम शिकलो, ते धुळ्याचे दुकान मिटले आणि मी जळगावला येऊन पिंप्राळ्यात स्वतःचे फ्रेमचे दुकान थाटले, हे तुम्हांला ठाऊक असण्याचे कारण नाही. माझे शिक्षण चौथीवरच थांबले. परंतु माझ्या दुकानाच्या पाटीवर एकही अशुद्ध अक्षर नाही आणि माझ्या हातच्या फ्रेमचा सांधा आजवर कोणाकडे उघडलेला नाही. आता लोक रंगीत फोटो प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेतात. तरी देवांच्या तसबिरी अद्याप माझ्याकडेच येतात. ही तसबीर मारुतीची होती. मी मागच्या लोखंडी चुका उपटल्या, पुठ्ठा काढला, तर आत आणखी एक पुठ्ठा. त्यावर पेन्सिलीने 'शिरपूर' एवढेच लिहिलेले. उलटून पाहिले तो एक माणूस. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा, अंगात काळा कोट, डोळे थेट माझ्यावर रोखलेले. गिऱ्हाईक म्हणाले, "ते फेकून द्या हो. आमचा मारुती नीट बसवा म्हणजे झालं."

मला फेकवेना. वास्तविक मला नवल वाटण्याचेही कारण नव्हते. धुळ्याला आपल्या दुकानाशेजारच्या स्टुडिओत लोकांनी न नेलेले फोटो पडून राहत, ते तुम्हीच मागून आणीत होता. त्यांचा पुठ्ठा जाड असे आणि चित्र काचेला घट्ट टेकावे म्हणून मागे भर लागे. मी प्रथम असा फोटो बसवला तेव्हा त्याचा चेहरा भिंतीकडे केला होता. तुम्ही फ्रेम माझ्या हातातून ओढून घेतलीत. "गाढवा, माणसाचं तोंड भिंतीकडे करतात का? देवाकडे कर." मी तो उलटवला. ते तोंड कोणाचे, हा प्रश्न मात्र तुम्हांलाही पडला नाही आणि मलाही नाही. आता म्हातारपणी तो पडला, आणि विचारायला तुम्ही नाही.

मी एस.टी.ने शिरपूरला गेलो. स्टँडाजवळच्या चहाच्या टपरीवर फोटो दाखवू लागलो. एकाने विचारले, "आबा, तुम्ही पोलीसमा शेतस का?" दुसरा म्हणाला, "पोलीस कसाना! पोरीले स्थळ दखी राह्यनात आबा. पन नवरदेव जराखा जुना शे." सगळे हसले. मला असली थट्टा खपत नाही. मी कप खाली ठेवून उठलो. तेव्हा टपरीवाल्यानेच मागून हाक मारली. "रागे नका भरू आबा. मांगली गल्लीमा एक अक्का शे, ती जलमभर बापना फोटो धुंडस. तिले दखाडा."

अक्का ओट्यावर शेंगा फोडीत बसल्या होत्या. त्या पाळण्यात असताना त्यांचे वडील सुरतेला गिरणीत कामाला म्हणून निघाले. जाण्यापूर्वी बायकोला घेऊन धुळ्याला गेले, फोटो काढला, आणि फोटो तयार होण्याआधीच निघून गेले. पुन्हा आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. आई तो फोटो आणायला एकटी कशी जाणार? तिने लेकीला फोटोचे वर्णन तेवढे सांगून ठेवले. अक्कांनी चेहऱ्याकडे पाहिलेच नाही, कोटावर बोट ठेवले. "हाऊच शे! माय सांगे, कोटनं एक बटन धवळं व्हतं. दखा, हाई दखा!" खरोखरच वरून दुसरे बटण पांढरे होते. मग त्यांनी चेहऱ्याकडे पाहिले आणि बराच वेळ पाहतच राहिल्या. "मना बाप इतला वरीस देवना मांगे बसेल व्हता का, भाऊ?" मी चांगल्यातली चांगली पट्टी वापरून फ्रेम केली आणि पुन्हा जाऊन स्वतः देऊन आलो. परतताना मला आपल्या धंद्याचा फार अभिमान वाटला. एका माणसाला आपण घरी पोहोचवले, असे मी मनाशी म्हटले.

तेथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु मला तो नाद लागला. तुमच्या हातची तसबीर ज्याच्या घरी असेल त्याने आणावी, काच फुकट बदलून मिळेल, असे मी सांगत सुटलो. गणपतीमागून एक लठ्ठ गृहस्थ निघाले, लक्ष्मीमागून एक पहिलवान, दत्तामागून एक कोवळा मुलगा. लठ्ठ गृहस्थांना कोट पोटावर मिटत नव्हता, मुलाची बोटे बाह्यांत बुडाली होती. आणि प्रत्येकाच्या छातीवर, वरून दुसरे, पांढरे बटण. कोट स्टुडिओचा होता, नाना. जो येईल त्याच्या अंगावर तोच चढत होता. मी त्या स्टुडिओची पायरी कधी चढलो नव्हतो. तुम्ही रोज जात होता.

स्टुडिओवाल्यांचे कोणी भेटेल म्हणून धुळ्याला गेलो. कोणी भेटले नाही. त्यांच्या जुन्या गल्लीत एका सेवानिवृत्त कारकुनांनी मात्र आत बोलावून पाणी दिले, आणि त्यांच्या भिंतीवर मारुतीमागचा तोच माणूस उभा होता. तीच खुर्ची, तोच हात. "आमचे आजोबा," ते म्हणाले. "तेव्हा शिरपूरला दुकान होतं त्यांचं. दोन प्रती काढल्या होत्या, एक आणायची राहून गेली." मी म्हणालो, "ती माझ्याजवळ होती. एका बाईंना दिली." ते मोठ्याने हसले. "आजोबांना बाईकडे पाठवलंत? अहो, हळू बोला, आजी वरून ऐकेल!" मला हसता आले नाही.

चूक झाली आहे तर ती जाऊन सांगितली पाहिजे, हे उघड होते. कोटवाले बाकीचे फोटो मी पिशवीत घातले. त्यांत अक्कांचे वडील असतीलही, नसतीलही. ओळखणार कोण? एस.टी.त वाक्य तयार केले: 'अक्का, माझ्या हातून आपली दिशाभूल झाली आहे.' कर्ता, कर्म, क्रियापद सर्व जागच्या जागी होते. शिरपूरला उतरलो तर झाडांना झोके बांधलेले, मुली गाणी म्हणत होत्या. आज आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, पितरांच्या नावाने घागर भरण्याचा दिवस आहे, हे माझ्या ध्यानातच राहिले नव्हते. अक्कांच्या घरात पितरांची घागर मांडलेली, तिच्यावर खरबुजाच्या जातीचे डांगर, आणि मागे भिंतीला टेकून, हार घातलेले, धुळ्याच्या कारकुनांचे आजोबा.

"बरं झाय, भाऊ, तुम्ही आज उनात," त्या म्हणाल्या. "माय मरेपावत कधी घागर भरे नही. म्हने, तो जित्ता व्हई तर? मीबी नही भरी. पन तो देवना मांगे सापडना, मंग माले समजनं, तो देवघर गया. यंदा पयली घागर शे. पितर म्हनीसन जेवाले बसाडाले मानूस नही भेटी राह्यना. तुम्हीच त्याले घर लई उनात, तुम्हीच बसा."

मी वाक्य उच्चारण्यासाठी तोंड उघडले. त्यांनी पाट मांडला होता, माझ्या पायांवर पाणी घातले होते. एवढ्या वयाची बाई वडिलांच्या पाया पडते तशी वाकली आणि उठताना जमिनीला हात टेकून उठली. मी पिशवी मांडीखाली सरकवली आणि बसलो. खापरावरची पुरणपोळी, आमरस, कुरडया. त्या पंख्याने वारा घालीत समोर बसून होत्या. मी प्रत्येक घास घेतला की त्यांचे ओठ हलत.

नाना, हे मी तुम्हांला लिहितो आहे, कारण दुसऱ्या कोणाला लिहिण्याजोगे नाही, आणि तुम्हांलाही हे पोहोचणार नाही. त्यांच्याकडे पाहून मी गप्प राहिलो, असे म्हणता आले तर शोभून दिसेल. परंतु माझी पत्नी गेल्यापासून मला समोर बसून कोणी वाढले नव्हते. अक्कांनी विचारले, "आखो रस वाढू?" आणि मी वाटी पुढे केली.