एका दाताचं चाक

चि. ठकीस,

मामाचे आशीर्वाद, रागावलेल्या भाचीलाही लागू पडतील असे. इकडे माझे गुडघे माझ्या वयाचे आहेत आणि तुझ्या मामीचा आवाज तिच्या वयाहून तरुण आहे, म्हणजे एकूण ठीकच. तुझी खुशाली विचारायला पाच आठवडे रोज अकरा वेळा फोन करतो आहे. तू कापतेस, त्यावरून हाताची बोटं तरी धडधाकट असावीत असं समजून चाललो आहे.

आधीच सांगून ठेवतो, हे माफीपत्र नाही. चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली, एक मशीन तक्रार घेऊन परत आलं नाही (एक आलं होतं, पण त्याची मालकीणच बिघडलेली होती). "मामा, पंप किरकिर करतोय, कंपनीचा माणूस तीन आठवड्यांनी येणार, जरा बघतोस का?" हे तू म्हणालीस, मी नाही. तुमच्या प्रयोगशाळेच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत जिने चढलो, बुटांवर त्या निळ्या पिशव्या चढवल्या, आणि तू मला पंपापाशी बसवून मीटिंगला गेलीस. तेल दिलं, किरकिर गेली. तिथेच उठलो असतो तर आज रविवारी तू आमच्याकडे जेवायला असतीस. पण पंप मिनिटभर चालला आणि थांबला. मी बसून राहिलो. तासाभराने पुन्हा मिनिटभर चालला, पुन्हा थांबला. आमच्याकडे मशीन असं वागलं तर त्याला टाका सोडणं म्हणतात, आणि तो सरळ सरळ आजार असतो. झाकण काढलं तर आतल्या चाकाला एकच दात! बाकीचे झिजले असणार असं मला वाटलं (तुमच्या मोठ्या बाईंनाही वाटलं असतं, त्यांनी जन्मात एखादं चाक उघडून पाहिलं असतं तर). मी पेटीतलं भरल्या दातांचं चाक घासूनपुसून बसवलं. पंप असा सुरेल चालू लागला की ऐकत राहावं. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत क्षणभर थांबला नाही.

सोमवारी मला बोलावणं आलं. शाबासकी मिळेल म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून आलो. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हे गृहस्थ पुन्हा या दारातून आत आलेले मला चालणार नाहीत." ते मी गिळलं. पण ठके, तू फरशीकडे बघत उभी राहिलीस आणि एक शब्द बोलली नाहीस, ते अजून घशाखाली उतरलेलं नाही.

मग मी तुझं इथे राहिलेलं पुस्तक काढलं आणि मामीचा चष्मा लावून चार वेळा वाचलं. मला समजलं ते असं. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी लटकते. वरून मेंदू तिला हार्मोनचा निरोप धाडतो, पण एकसारखा नाही, थांबून थांबून. तो निरोप घ्यायला ग्रंथीच्या पेशींना दारं असतात, त्यांना तुम्ही रिसेप्टर म्हणता, आणि ती दारं घडवण्याचा नकाशा म्हणजे जीन. निरोप्या तासातासाने एकदा कडी वाजवून गेला, की पेशीला वाटतं, येणारजाणारं माणूस आहे, काढा नकाशा, वाढवा दारं. पण तोच निरोप्या उंबऱ्यावर ठाण मांडून कडी वाजवतच राहिला, की पेशी असलेली दारंसुद्धा आत ओढून घेते आणि नकाशा गुंडाळून माळ्यावर टाकते. मी थक्क होऊन मामीला म्हणालो, एवढीशी पेशी, पण केवढी अक्कल! ती म्हणाली, "मला विचारायचं होतं, पुस्तक कशाला? दिवसभर चहा चहा करता, मला ऐकू येतो का?"

तुझा पंप म्हणजे तोच निरोप्या, उंदरांच्या पेशींवर तासातासाने हार्मोन सोडणारा. तेव्हा, माझ्या चाकाने तुझ्या उंदरांच्या पेशींची दारं मिटली, हे कबूल. पण पंप थांबून थांबून चालला की जीन कामाला लागतो, एवढंच तू दाखवत होतीस. न थांबता चालला की तो अंग काढून घेतो, हे तू नुसतं दुसऱ्यांच्या लिखाणात वाचलं होतंस. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ते माझ्यामुळे. एका पायावर उभ्या असलेल्या तुझ्या प्रबंधाला मी दुसरा पाय बसवला. याची माफी? बाईंना सांग, मिळणार नाही.

तुझा (ताठ मानेचा, मानेला पट्टा असला तरी)
मामा

ता. क. : तुमचा शिपाई या आठवड्यात जुनं चाक मागायला दोनदा येऊन गेला. कंपनीचा माणूस हात झटकून गेला, तसलं चाक आता बनत नाही, आणि प्रबंध महिन्याभरात द्यायचा आहे, हे मला त्याच्याकडून कळलं. एका दाताचं चाक माझ्याकडेच आहे. पण काढलेला भाग कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्याच हातात द्यायचा, ही आमच्या धंद्याची रीत आहे. गिऱ्हाईक तू. शिपाई नव्हे, बाई तर नव्हेतच. अडवणूक म्हणायचं असेल तर घरी येऊन, समोर बसून म्हण.

दुसरा ता. क. (हा मामीच्या हातचा) : ते चाक रोज पुसून फोनशेजारी ठेवतात. जेवणही निम्मं झालंय. वरच्या ताठ मानेवर विश्वास ठेवू नकोस.

तिसरा ता. क. : मामीकडे लक्ष देऊ नकोस. वाचलेलं अंगी लागावं म्हणून आजपासून अकरा फोन बंद. येत्या रविवारी सकाळी दहाला एकदाच घंटा देईन आणि गप्प बसेन. त्या घंटेत मला काय म्हणायचं असेल, ते वर कुठेही लिहिलेलं नाही, पण तुला कळेल. नाही उचललास, तर अकराला पुन्हा एक. मग बाराला.