बाळाच्या गालावरची निळी फुली

तीर्थरूप मावशीला धाकट्या भाचीचा वाकून नमस्कार. तू बरी असशीलच, कारण तुला जरा शिंक आली तरी आम्हाला सगळ्यांना कळतं. आम्ही इकडे ठीक आहोत. बाळाला दोन दात आलेत आणि ते कुठे लावायचे हे त्याला बरोबर कळलंय. सासूबाईंचे गुडघे आहेत तसेच. बाळाचे बाबा रोज विजेच्या खांबावर चढतात आणि घरी बल्ब बदलायला सांगितलं की स्टूल हलतंय म्हणतात. फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर आमचा फोन सासूबाई मोठ्या आवाजावर लावून ठेवतात (त्यांना कमी ऐकू येतं म्हणे, पण मी बिस्किटाचा पुडा फोडला की पलीकडच्या खोलीत ऐकू जातं), आणि तुझा आवाज असा की मधे फोन नसला तरी चालेल. म्हणून हे पत्र कारखान्यातल्या टेम्पोवाल्या काकांच्या हाती देते. अक्षराला हसू नकोस. शाळा सातवीत सोडली तेव्हा सगळ्यात जास्त तूच ओरडली होतीस.

आधी तुला माझं काम सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. उशांच्या कारखान्यात मी चाचपणीवर असते. भरलेली उशी समोर आली की दोन्ही तळव्यांनी दाबत जायचं, कापसाची गाठ लागली की त्या जागी मेणाच्या निळ्या पेन्सिलीने फुली मारायची आणि उशी पुढे सरकवायची. पुढच्या खुर्चीवर टाचणी बसते (खरं नाव वेगळं आहे, पण वाळलेली आहे आणि टोचून बोलते). ती फुलीपाशी शिवण उसवते, गाठ काढते, परत शिवते. मी काही उघडत नाही. मी फक्त फुली मारते.

आता तू दर लग्नात करतेस ते आठव. बायकांना कोपऱ्यात घेऊन सांगतेस ना, की महिन्यातून एकदा, पाळी होऊन गेली की, आंघोळीच्या वेळी छाती आणि काख हाताने नीट बघत जा, गाठ लागली तर लाजत बसू नका, मी लवकर दाखवली म्हणून आज तुमचं डोकं खायला शिल्लक आहे. आम्ही पोरी खुर्च्यांच्या मागे तोंड दाबून हसायचो. मागच्या लग्नात तर तू ब्लाऊजमधली कापसाची छाती काढून नवरीच्या मामीच्या हातात दिलीस, म्हणालीस बघ, उन्हाळ्यात जरा घाम येतो, बाकी काही त्रास नाही. ती बिचारी ती परत कुणाला द्यायची हे न कळून जेवण होईपर्यंत मांडीवर घेऊन बसली होती. मीही हसले होते. पण मावशी, ऐकलेलं कुठेतरी राहतं बघ. एक दिवस आंघोळ करताना साबण लावता लावता हात आपोआप कारखान्यातल्यासारखा फिरला आणि काखेच्या बाजूला थांबला.

पहिल्यांदा वाटलं दुधाची गाठ असेल. अंगावर पाजणारीला होतात तशा. बाळाला पाजलं, शेकलं, चोळलं, तरी ती आपली तिथेच, वाटाण्याएवढी, दाबली तरी दुखत नाही. मग मी काय केलं असेन सांग. ओट्यावर पडलेली कारखान्यातली निळी पेन्सिल घेतली आणि गाठीवर फुली मारली. का मारली विचारशील तर मला सांगता येणार नाही. गाठ लागली की फुली मारायची, एवढंच हाताला माहीत. फुली पुसट झाली की दुसऱ्या दिवशी परत मारायची. कुणाला बोलले नाही. मनात असं वाटायचं, की खूण केलीय ना, म्हणजे माझं काम झालं, आता पुढचं पुढची बाई बघेल. आणि पुढची बाई काही येईना.

आल्या त्या सासूबाई. एक दिवस बाळाला मांडीवर घेतलं तर त्याच्या गालावर निळा डाग. त्यांनी पदराने पुसला. पाजून झाल्यावर परत डाग. परत पुसला. तिसऱ्यांदा डाग नाकावर. त्या एकदम खाली बसल्या (गुडघे विसरून, हे विशेष) आणि म्हणाल्या, पोर निळं पडायला लागलं. मी काही बोलायच्या आत बाळाचे बाबा बाळाला घेऊन रस्त्यावर, त्यांच्यामागे सासूबाई, त्यांच्यामागे शेजारीण, आणि सगळ्यात मागे मी एका पायात चप्पल घालून. बाळ मात्र मजेत होतं, एवढी माणसं एकदम कधी त्याच्यासोबत फिरायला निघाली नव्हती. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला उघडं केलं, उलटं केलं, सुलटं केलं, मग बोळ्यावर स्पिरिट घेऊन नाक पुसलं. बोळा निळा, नाक गोरं. त्या म्हणाल्या, "हे बाळाचं नाही. हे कुठून तरी लागतंय." आणि सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

बाईंनी बाकीच्यांना बाहेर काढलं आणि मला तपासलं. फुली बघून हसतील वाटलं होतं, पण नाही हसल्या. म्हणाल्या, "जागा बरोबर सांगितलीस. पण फुली मारून थांबलीस का?" मी म्हटलं, "उशीचं तसंच असतं." मग त्यांनी सोनोग्राफी करून घेतली आणि समजावून सांगितलं, की अशा बऱ्याच गाठी साध्या निघतात, घाबरून जाऊ नकोस, पण नुसतं हात लावून कुणीच खात्री देऊ शकत नाही, सुईने थोडा तुकडा काढून बघावा लागेल, आणि वाईट निघालीच तरी लवकर सापडलेलीचा इलाज चांगला होतो. बाळाला पाजणं बंद करू नकोस म्हणाल्या. बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आमच्या काळी नव्हतं बाई असलं चाचपणं." शेजारीण म्हणाली, "आजी, तुमच्या काळी बायका मरत होत्या." सासूबाई बाळाला उचलून आमच्या पुढे चालायला लागल्या.

तर मोठ्या दवाखान्यात सुईची तारीख मिळाली. सुईचं नाव काढल्यावर बाळाचे बाबा पांढरे पडले, म्हणून मी एकटीच गेले. बाकावर बसले, दोन्हीकडे बायका, कुणी विणत होती, कुणी सुनेची उणीदुणी काढत होती. एकीने मला सांगितलं की तिचं ऑपरेशन होऊन बरीच वर्षं झाली, आता नुसती तपासायला येते आणि बाहेरचा चहा पिऊन जाते. एकूण जागा वाईट नाही. मग घरी आले. सासूबाईंनी विचारलं झालं का, मी म्हटलं झालं. त्यांनी मला चहा करून दिला, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा. तेव्हा तू काळजी करू नकोस, तब्येतीला जप, काकांना नमस्कार सांग.

तुझी भाची.

ता. क. सुई झालेली नाही. सिस्टरने माझं नाव पुकारलं तेव्हा मी बाकीच्या बायकांसारखंच इकडे तिकडे बघितलं, कोण बाई आहे ही, उठत का नाही. वर सिस्टरला म्हटलं, गेली वाटतं पाणी प्यायला. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, सापडली तर तिला सांगा, गुरुवारी परत यायचंय. मी म्हटलं, सांगते.

ता. क. दुसरं. घरी सगळ्यांना वाटतंय तुकडा काढला, म्हणून रिपोर्टची वाट बघतायत. सासूबाई शेजारणीला सांगतात, आमची सून डगमगली नाही. आणि काल मी भाजी चिरत असताना भिंतीकडे बघत त्यांनी विचारलं, पाळी गेलेल्या बाईने कधी बघायचं गं. तू आलीस तर तूच सांग, मला त्यांच्यासमोर लाज वाटते. टेम्पोवाले काका बुधवारी तुझ्या गावाहून रिकामे परत येतात. त्यांना पुढची सीट पुसून ठेवायला सांगितलंय. बाळाचे दात बघायला आले म्हण.

ता. क. तिसरं, आणि हे वाचून झाल्यावर फाडून टाक. मावशी, तू सगळ्यांना सगळं सांगतेस, पण सुईच्या दिवशी तुला भीती वाटली होती का, हे कधीच सांगितलं नाहीस. नेहमी हसतच सांगतेस. म्हणून मला वाटतं तू वेगळ्या मातीची आहेस आणि माझ्याच्याने हे होणार नाही. नसलीस घाबरली तर राहू दे, फक्त शेजारी बस. पण घाबरली असशील तर गुरुवारी बाकावर बसल्यावर सांग, माझं नाव पुकारायच्या आधी. म्हणजे मी उठेन.